अ‍ॅपर्चर बदललं की शटर स्पीड का हलतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: अ‍ॅपर्चरला हात लावला की शटर स्पीड हाताबाहेर जातो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, शटर स्पीड म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, आणि आयएसओ म्हणजे आलेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा. उत्तरांकडे वळण्यापूर्वी पूर्ण स्टॉपची मालिका, म्हणजे छिद्राच्या आकाराच्या पायऱ्या, डोळ्यांसमोर ठेवा, पुढची सगळी आकडेमोड तिच्यावरच आहे: एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. या मालिकेत एक घर पुढे गेलात की आत येणारा प्रकाश निम्मा होतो, आणि फोटो तेवढाच उजळ हवा असेल तर शटर दुप्पट वेळ उघडं ठेवावं लागतं. एक घर मागे आलात की याच्या उलट. कॅमेऱ्याचं चाक बहुधा एक तृतीयांश स्टॉपने फिरतं, म्हणजे तीन ‘टिक’ झाल्या की एक स्टॉप.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. देवळातल्या संध्याकाळच्या कीर्तनात पूर्ण सभामंडप घेतला की फोटो स्वच्छ येतो. बुवांवर झूम केलं की हललेला येतो. उजेड तोच, हात तोच. लेन्स खराब आहे का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : लेन्स चांगली आहे. तिच्या पुढच्या कडेवर ३.५-५.६ असे आकडे छापलेले दिसतील. १८ वर ती एफ/३.५ पर्यंत उघडते आणि ५५ वर फक्त एफ/५.६ पर्यंत. मधल्या पायऱ्या मोजा: ३.५, ४, ४.५, ५, ५.६. चार टिक, म्हणजे १⅓ स्टॉप प्रकाश झूम करता करता गेला. मंडपात १८ वर कॅमेऱ्याने १/६० सेकंद दिला असेल, तर ५५ वर त्याच आयएसओला तो १/२५ देणार.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. झूम केल्यावर हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना हिशेब असा, की शटर निदान ‘एक भागिले फोकल लेंथ’ (लेन्सवरचा मिमीतला आकडा) इतकं जलद हवं, आणि तुमच्या कॅमेऱ्यासारख्या एपीएस-सी (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरला त्यात दीडने गुणायचं. १८ ला १/३० पुरतो, ५५ ला १/८० लागतो. म्हणजे गरज १/८० ची आणि मिळतोय १/२५. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली, फोटो हलणारच.

आधी हललेला फोटो पडद्यावर मोठा करून नीट बघा. मागचा खांब, समई, बुवांचं उपरणं असं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. खांब स्वच्छ आणि बुवांचा हात धूसर असेल तर हात स्थिर होता, शटर त्यांच्या हालचालीला कमी पडलं. बुवा धूसर पण मागचा टाळकरी लख्ख असेल तर चूक फोकसची आहे आणि शटर वाढवून काही होणार नाही. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) यांतल्या फक्त पहिल्या प्रकारावर काम करतं. ते चालू असताना १/२५ वर खांब छान येईल, टाळ वाजवणारे हात तरीही विरघळतील.

उपाय असा. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवा, ऑटो आयएसओ चालू करा आणि मेनूमध्ये त्याच्याच पोटात ‘किमान शटर स्पीड’ सापडेल तो १/१२५ करा. आता उजेड कमी पडला तर कॅमेरा शटर मंद करण्याऐवजी आयएसओ वाढवेल. आयएसओची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० द्या. थोडे दाणे दिसतील, पण दाणेदार फोटो छापता येतो, हललेला नाही. दुसरं, शक्य असेल तर झूम न करता चार पावलं पुढे सरका.

खर्च करायचा असेल तर ५० मिमी एफ/१.८ घ्या. ५.६ पासून १.८ पर्यंत ३⅓ स्टॉप होतात, म्हणजे त्याच उजेडात, त्याच आयएसओला १/२५ च्या जागी १/२५०. मात्र एफ/१.८ वर दोन मीटरवरच्या माणसाच्या बाबतीत स्वच्छ दिसणारी खोली सुमारे ११ सेंमी असते. एकट्या बुवांना ती पुरते. मागे मृदंगवादकही स्वच्छ हवा असेल तर एफ/४ वर यावं लागेल आणि मिळवलेल्या शटरमधले २⅓ स्टॉप परत द्यावे लागतील.

प्रश्न : एफ/८ वरून एफ/११ केलं की प्रकाश निम्मा होतो म्हणतात. पण ११ ही ८ ची दुप्पट नाही. आणि आकडा वाढला की छिद्र लहान का?
(अकरावीची विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : एफ-नंबर म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. भागाकार असल्यामुळे व्यास लहान झाला की उत्तर मोठं येतं. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिमी व्यास, एफ/४ म्हणजे १२.५ मिमी. प्रकाश मात्र व्यासावर ठरत नाही, क्षेत्रफळावर ठरतो. २५ मिमीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस मिमी, १२.५ चं सुमारे १२३. व्यास निम्मा, प्रकाश पाव. म्हणून २ ते ४ हे दोन स्टॉप झाले. प्रकाश फक्त निम्मा करायचा तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने भागायचं. मालिकेतला प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याला १.४१४ ने गुणून आलेला आहे. ८ गुणिले १.४१४ म्हणजे ११.३१, छापताना ११ लिहितात. ५.६ सुद्धा खरं म्हणजे ५.६५७ आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती कळली तर हा विषय पक्का होतो. २०० मिमीच्या लेन्सवर एफ/४ चं छिद्र ५० मिमीचं असतं, ५० मिमीच्या लेन्सवर १२.५ मिमीचं. छिद्रात चौपट फरक असूनही दोन्हींना शटर स्पीड तोच लागतो. कारण २०० ची लेन्स समोरचा तोच तुकडा लांबीला चौपट आणि रुंदीला चौपट मोठा करून सेन्सरवर पसरवते, म्हणजे सोळापट जागेत. आणि तिचं छिद्रही क्षेत्रफळाने बरोबर सोळापटच मोठं आहे. हिशेब फिटतो. म्हणून एफ-नंबर सांगितला की कोणत्याही लेन्सवर शटर सांगता येतो.

प्रश्न : वारीत गोल रिंगणाचे फोटो काढले. ‘निसर्गदृश्याला एफ/११’ असं ऐकलं होतं, म्हणून अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत एफ/११ ठेवलं. माणसं बरी आली, पण एकही अश्व स्वच्छ आला नाही. शिवाय फोटो काळपट आहेत. पुढच्या आषाढीच्या आत समजून घ्यायचं आहे.
(एक वाचक, बारामती)

उत्तर : रिंगणात आधी शटर ठरवायचं, मग त्याला परवडेल ते अ‍ॅपर्चर घ्यायचं. तुम्ही उलट्या क्रमाने गेलात.

दौडणारा घोडा ताशी ३६ किमी धरला तरी तो सेकंदाला १० मीटर जातो. १/१२५ सेकंदात ८ सेंमी, १/१००० मध्ये १ सेंमी. आता हे फोटोत बघू. तुमची चौकट सहा मीटर रुंदीची जागा घेत असेल आणि कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ६००० पिक्सेल, तर एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. १/१२५ वर अश्व ८० पिक्सेल फरफटतो, १/१००० वर १०, १/२००० वर ५. खूर तर अंगापेक्षाही जलद पुढे येतात. म्हणून १/१००० ही सुरुवात समजा आणि कॅमेरा अश्वाबरोबर फिरवत राहा, त्याने उरलेली फरफटही बरीच कमी होते. अश्व तुमच्या समोरून आडवा जातो तेव्हा हा ताण सर्वाधिक. रिंगणाच्या वळणावर तो तुमच्याकडे येत असताना १/५०० वरही निभावतं.

उजेडाचा अंदाज असा बांधा. लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर ‘एक भागिले आयएसओ’ असतं, याला सनी सिक्स्टीनचा नियम म्हणतात. सावल्या न पडणाऱ्या ढगाळ आभाळात त्याच शटरला एफ/८ लागतं. म्हणजे आयएसओ ४०० ला एफ/८ वर १/४००. तुम्ही एफ/११ ठेवलंत म्हणजे १/२००, आणि ढग दाटून आले की १/१०० किंवा १/५०. बाजूला उभे असलेले वारकरी तेवढ्यात नीट येतात, अश्व येत नाही. हेच एफ/४ वर आणलं असतं तर १/२०० चा १/१६०० झाला असता. लेन्स ५.६ च्या पुढे उघडत नसेल तर ५.६ ला १/८००, आणि आयएसओ ८०० केला की १/१६००.

एफ/११ ची भीड इथे धरू नका. अश्व १५-२० मीटर दूर असतो, तेवढ्या अंतरावर ५.६ लाही घोडा, स्वार आणि मागची पहिली रांग व्यवस्थित दिसते. त्यामागची गर्दी थोडी मऊ पडली तर अश्व उलट उठून दिसतो.

काळपटपणाचं कारण वारकऱ्यांचे पांढरे कपडे. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर जे दिसतं ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच तो मोजतो. सदरे, धोतरं, टोप्या यांनी चौकट भरली की त्याला वाटतं उजेड जास्त आहे आणि तो फोटो गडद करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, +०.७ ते +१ स्टॉप द्या. मात्र लक्षात घ्या, आयएसओ स्थिर असेल तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत हे +१ थेट शटरमधून कापलं जातं, १/१००० चा १/५०० होतो. काळपटपणा गेला आणि अश्व पुन्हा हलला, असं अनेकांचं होतं ते यामुळे. म्हणून रिंगणासाठी शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवता, छिद्र कॅमेरा) घ्या, १/१०००, ऑटो आयएसओची मर्यादा ३२००, कॉम्पेन्सेशन +०.७. आता वाढ आयएसओतून होईल. पाऊस दाटला आणि पडद्यावर अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकू लागला, तर लेन्स पूर्ण उघडून झाली आहे आणि आयएसओही संपला आहे. तेव्हा शटर १/६४० पर्यंत खाली आणा.

आणि एकदा उलटंही करून बघा. आयएसओ १००, एफ/१६, ढगाळ उजेडात १/२५ मिळतो. अश्वावर नजर आणि फोकस दोन्ही ठेवून कॅमेरा कमरेतून फिरवत बटण दाबा आणि दाबल्यावरही फिरवत राहा. मागच्या टोप्या आणि पताका आडव्या रेषा होतात, अश्वाचं मस्तक बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. दहापैकी एखादा जमतो. पण रिंगणाचा वेग त्या एकात जितका येतो तितका थिजलेल्या फोटोत येत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : पोर्ट्रेट मोडमध्ये मोबाइलवर एफ/१.४ ते एफ/१६ असं सरकवता येतं. त्याने शटर स्पीड बदलतो का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कायमचं एकच असतं. तो सरकता आकडा मागचं दृश्य सॉफ्टवेअरने किती धूसर करायचं एवढंच ठरवतो. उजेडाचा सगळा हिशेब फोन शटर आणि आयएसओ यांच्यातच मिटवतो. मुलं पळताना धूसर येत असतील तर प्रो मोडमध्ये शटर १/५०० करा आणि आयएसओ मोकळा सोडा.

प्रश्न : मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी ५० मिमी एफ/१.८ घेतली. पूर्ण उघडून १/५०० मिळाला, पण फोटोंवर आडवे काळे-पिवळे पट्टे आले. जुन्या किट लेन्सवर असं कधी झालं नव्हतं.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : पट्टे लेन्समुळे आलेले नाहीत, तिने मिळवून दिलेल्या वेगामुळे आले आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा तेजाळतो आणि दोनदा मंदावतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइटमध्ये ही चढउतार मोठी असते. डोळ्याला ती कळत नाही. किट लेन्सवर तुम्ही १/५० किंवा १/६० वर होता, तेवढ्या वेळात एक-दोन चढउतार पूर्ण होऊन सरासरी निघत होती. १/५०० ला मात्र शटर पूर्ण सेन्सर एकदम उघडत नाही. एक फट वरून खाली सरकते, आणि ती सरकत असताना दिवा मंदावला की तेवढा पट्टा काळा.

तिथे शटर १/१०० करा. त्यातही बराच दोष राहिला तर १/५०. एफ/१.८ ला १/५०० होता, त्यातून १/१०० केल्यावर २⅓ स्टॉप हातात आले. ते वाया न घालवता अ‍ॅपर्चर एफ/४ करा म्हणजे नाचणाऱ्या दोन रांगा फोकसमध्ये येतील, किंवा एफ/२.८ ठेवून आयएसओ एक स्टॉप उतरवा. नाचात १/१०० कमी पडतो हे खरं. म्हणून मुद्रा धरून थांबतात तो क्षण पकडा. मिररलेस कॅमेरा असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल घ्या, पट्टे बरेच कमी होतात. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, कॅमेरा दिवा तेजाळण्याची वाट पाहून शटर सोडतो. डिमरवर चालणाऱ्या काही एलईडींची लुकलुक वेगळ्याच गतीची असते, तिथे १/१०० चा उपाय लागू पडेलच असं नाही; एक-एक टिक बदलत तालमीच्या वेळीच चाचणी घ्या. अमेरिकेतल्या मंडळांमधून गणेशोत्सवाचे फोटो काढणाऱ्या वाचकांनी १/१०० ऐवजी १/१२५ किंवा १/६० धरावा, तिथली वीज ६० हर्ट्झची आहे.

प्रश्न : भंडारदऱ्याला धबधब्याचं पाणी दुधासारखं यावं म्हणून एफ/२२ ठेवलं. पाणी थोडं मऊ आलं, पण खडकही मऊ आले. ट्रायपॉड होता.
(एक वाचक, संगमनेर)

उत्तर : एफ/२२ विसरा. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडांवरून वळून पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. एफ/२२ ला एका बिंदूचा सेन्सरवर सुमारे ३० मायक्रॉनचा ठिपका होतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. फोकस कितीही अचूक असला तरी हा मऊपणा जात नाही. अशा कॅमेऱ्यावर एफ/११ च्या पुढे गरज असल्याशिवाय जाऊ नये.

वेळ वाढवायचं काम एनडी फिल्टरला, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेला द्या. ढगाळ उजेडात आयएसओ १०० ला एफ/११ वर १/५० येईल. ३२ पटीचा, म्हणजे पाच स्टॉपचा एनडी लावला की ०.६ सेकंद. मध्यम धारेला अर्धा ते एक सेकंद चांगला. मोठ्या प्रपाताला पाच-दहा सेकंद दिले तर पाण्याचा पोतच जातो आणि पांढरा धब्बा उरतो. एनडी नसेल तर पोलरायझर चालेल, तो दीड ते दोन स्टॉप खातो आणि ओल्या खडकांवरची चमकही काढतो. फोकस आधी करून मॅन्युअलला टाका, मग फिल्टर लावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. आणि प्रत्येक फोटोआधी काच पुसा: एफ/११ ला काचेवरचा तुषार एफ/४ पेक्षा कितीतरी ठळक दिसतो.

प्रश्न : दुपारच्या लग्नात चेहऱ्यावरच्या सावल्या घालवायला फ्लॅश लावतो. एफ/२.८ वर फ्लॅश चालू केला की फोटो पांढराफटक. बंद केला की ठीक.
(एक वाचक, लातूर)

उत्तर : उन्हात आयएसओ १०० ला एफ/२.८ वर १/३२०० लागतो. फ्लॅश चालू केला की कॅमेरा शटरला सिंकच्या मर्यादेवर, बहुधा १/२०० किंवा १/२५० वर अडवतो. त्याहून जलद शटरला सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतो, फ्लॅशचा झोत अर्ध्याच चौकटीला लागेल. १/२०० आणि १/३२०० मध्ये चार स्टॉपचा फरक आहे, तेवढा फोटो जळतो. मागचं धूसर नको असेल तर १/२०० ला एफ/११ करा. धूसर हवंच असेल तर १६ पटीचा एनडी लावून एफ/२.८ ला १/२०० घ्या. तिसरा मार्ग फ्लॅशवरच्या हाय स्पीड सिंकचा, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, तो जोडप्याच्या जवळ आणावा लागतो. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोघांना मांडवाच्या सावलीत घेणं.

प्रश्न : जुन्या डीएसएलआरवर एफ/१.८ ला एक्स्पोजर बरोबर येतं, पण एफ/८ केलं की फोटो खूप उजळ येतो. शटर स्पीड तर कॅमेरा नीट दाखवतो.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या लेन्समधल्या, छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्या अडकत आहेत. डीएसएलआरमध्ये तुम्ही बघत असता तेव्हा लेन्स पूर्ण उघडी असते. मीटर उघड्या लेन्समधून मोजतो, एफ/८ साठी लागणारं शटर हिशेबाने काढतो, आणि बटण दाबल्यावर पात्या क्षणात एफ/८ पर्यंत मिटतील असं गृहीत धरतो. त्या मिटल्या नाहीत की शटर एफ/८ चं आणि छिद्र एफ/१.८ चं. यात चार स्टॉपपेक्षा जास्त फरक आहे.

खात्री अशी करा. एकसारख्या उजेडातली भिंत, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, आयएसओ स्थिर, फोटो १.८, २.८, ४, ५.६, ८ आणि ११ वर. प्रत्येक पुढचा फोटो आधीपेक्षा उजळ येत गेला तर पात्यांचंच दुखणं. मग दुसरी लेन्स लावून हेच करा. तिच्यावरही तसंच झालं तर दोष बॉडीच्या बाजूला आहे. लेन्सच्या मागे पात्यांची यांत्रिक दांडी असेल तर लेन्स काढून ती बोटाने हलकेच दाबून सोडा: पात्या चटकन मिटायला हव्यात, आळसावून नव्हे. विजेवर चालणाऱ्या पात्या असतील तर लेन्स बॉडीवर ठेवून डेप्थ ऑफ फील्डचं (पात्या आधीच मिटवून दाखवणारं) बटण दाबा आणि समोरून बघा. पात्यांवर तेलकट चमक दिसली तर फोकसच्या आट्यांतलं ग्रीस उन्हाने पातळ होऊन तिथवर आलं आहे. दमट हवेत त्यावर धूळ बसून ते चिकट होतं.

घरी तेल किंवा स्प्रे मारू नका, पात्या कोरड्याच असाव्या लागतात. दुरुस्ती होईपर्यंत लेन्स पूर्ण उघडीच वापरा आणि उजेड फक्त शटरने सांभाळा. उन्हात एफ/१.८ ला आयएसओ १०० वर १/८००० लागेल. तुमची बॉडी १/४००० वर थांबत असेल तर आठ पटीचा एनडी लावा, १/१००० वर याल.